कोडमागची माणसं : अमेरिकन कादंबरीतला सॉफ्टवेअरवाला

डॉक्टरवर कादंबरी लिहायची तर फार कष्ट पडत नाहीत. ऑपरेशन थिएटर आहे, रक्त आहे, बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक आहेत. वकिलावर लिहायची तर कोर्ट आहे, उलटतपासणी आहे. पोलिसाचं तर विचारूच नका. पण प्रोग्रामरवर लिहायचं म्हटलं की लेखक अडतो. कारण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? एक माणूस खुर्चीत बसलाय. टाइप करतोय. थांबतो, डोकं खाजवतो, चहाला जातो, परत येऊन जे टाइप केलं ते पुसतो. सगळं रणकंदन त्याच्या डोक्यात आणि कुठल्यातरी फाइलच्या चारशे बाराव्या ओळीत चाललेलं असतं. सिनेमावाले यातून पळवाट काढतात, पडद्यावरून हिरवी अक्षरं धबाधबा खाली सोडतात की झालं. कादंबरीकाराला ती सोय नाही.

तरीही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेत या विषयावर चांगल्या कादंबऱ्या झाल्या. आपण चार वर्षं ज्या विषयात डोकं घालतो त्याच विषयात राहणाऱ्या माणसांचं तिथल्या लेखकांनी काय केलं, हे बघण्यासाठी हा लेख. सगळ्या पुस्तकांची जंत्री देत नाही. जी मला खरोखर महत्त्वाची वाटतात त्यांच्यावर जास्त बोलेन, बाकीच्यांना लांबून नमस्कार.

पहिला लांबून नमस्कार विल्यम गिब्सनला. 'सायबरस्पेस' हा शब्द त्याने १९८२ मध्ये एका कथेत वापरला आणि १९८४ च्या 'न्यूरोमॅन्सर' या कादंबरीने तो जगभर नेला. गंमत अशी की ही कादंबरी त्याने साध्या हाताच्या टाइपरायटरवर लिहिली. काँप्युटरशी त्याची ओळख जवळपास नव्हतीच. म्हणूनच कदाचित त्याचा हॅकर समुद्री चाच्यासारखा रुबाबदार आहे, त्याला कधी सेमिकोलन राहून गेल्याचा मनस्ताप होत नाही. पुस्तक थोरच आहे, पण ते स्वप्नाचं पुस्तक आहे, कामाचं नाही. मला कामाबद्दल बोलायचंय.

काम खऱ्या अर्थाने कादंबरीत आलं ते १९९५ मध्ये, डग्लस कूपलंडच्या 'मायक्रोसर्फ्स'मध्ये. कूपलंड कॅनडाचा, पण कादंबरी पूर्णपणे अमेरिकेतली. आधी वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टच्या आवारात आणि मग कॅलिफोर्नियाच्या सिलिकॉन व्हॅलीत. तिचा पहिला भाग १९९४ च्या जानेवारीत 'वायर्ड' मासिकात कथा म्हणून आला होता. 'सर्फ' म्हणजे सरंजामशाहीतला जमिनीला बांधलेला कूळ. मालक जमीन विकेल तर त्याच्यासकट विकला जाणारा. नावातच सगळी कादंबरी आली.

निवेदक आहे डॅनियल अंडरवूड. तो मायक्रोसॉफ्टमध्ये बग शोधण्याचं काम करतो आणि रात्री आपल्या लॅपटॉपवर रोजनिशी लिहितो. कादंबरी म्हणजे तीच रोजनिशी. तो आणि त्याचे सहकारी एकाच घरात राहतात, एकाच ऑफिसात जातात, एकाच डेडलाइनकडे धावतात. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, तो वाचून आपल्या हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला कुणीतरी ओळखीचा आठवेल. मायकल नावाच्या अतिशय हुशार प्रोग्रामरला थेट बिल गेट्सकडून त्याच्या कोडवर झोडपणारी ई-मेल येते. मायकल ऑफिसचं दार आतून लावून घेतो आणि बाहेरच येत नाही. मित्रांना काळजी, हा उपाशी मरेल. मग ते दाराखालच्या फटीतून जाईल असं चपटं खाणं विकत आणतात. चीजच्या स्लाइस वगैरे. आणि मायकल बाहेर आल्यावर जाहीर करतो की यापुढे आपण फक्त द्विमितीय अन्नच खाणार! (आपल्याकडे असता तर त्याचं बरं चाललं असतं. पापड, आंबापोळी, फणसपोळी, घडी न घातलेली पोळी. सगळा आहार टू-डी.)

विनोद आहेच, पण कूपलंडचं लक्ष विनोदाच्या मागे आहे. या मुलांना शरीर आहे हेच ती विसरली आहेत. टॉड नावाचा त्यांच्यातला एकजण याचाच उलटा टोक गाठून दिवसरात्र जिममध्ये शरीर कमावत असतो. सगळ्यांच्या बोलण्यात स्टॉक ऑप्शन असतात. कधी पिकणार, किती पिकणार. पण आयुष्य मात्र पुढच्या रिलीजनंतर सुरू होणार असतं. डॅनियलचे वडील आयबीएममध्ये आयुष्यभर नोकरी केलेले, आणि उतारवयात एके दिवशी कंपनी त्यांना घरी बसवते. त्या काळातल्या अमेरिकेत आयबीएमची नोकरी म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लोकांना सरकारी नोकरी वाटायची तशीच. मुलगा नव्या कंपनीत रात्रंदिवस राबतोय आणि बाप जुन्या कंपनीने टाकून दिलाय, हे दोघं एका घरात समोरासमोर येतात तेव्हा कादंबरी एकदम खोल जाते.

पुढे ही मंडळी मायक्रोसॉफ्ट सोडतात आणि 'ऊप!' नावाचं प्रॉडक्ट करायला लागतात. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगवरून नाव. पडद्यावर लेगोच्या विटांसारखे ठोकळे जोडून काहीही बांधता येईल असं सॉफ्टवेअर. ऑफिस कुठे, तर डॅनियलच्या आईवडिलांच्या घरात. सुसान ही त्यांच्यातली मुलगी कोड लिहिणाऱ्या बायकांचा एक गट उभा करते, हेही त्या काळात कादंबरीत आलेलं नवंच. शेवटी डॅनियलच्या आईला पक्षाघाताचा झटका येतो, वाचा जाते. तेव्हा ही सगळी मुलं तिच्या हाताखाली की-बोर्ड ठेवतात आणि ती एकेक अक्षर दाबून पडद्यावर मुलाशी बोलते. आयुष्यभर ज्या यंत्राने त्यांना माणसांपासून तोडलं असं आपण पुस्तकभर वाचत आलो, तेच इथे एकमेव वाट होतं. कूपलंड यावर काही भाष्य करत नाही. मला हे फार आवडलं.

एक गोष्ट नोंदवून ठेवा, पुढे लागणार आहे. या कादंबरीचा निवेदक डेव्हलपर नाही, टेस्टर आहे.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. एलन उलमन. ही बाई कॉर्नेल विद्यापीठातून इंग्रजी शिकलेली, आणि १९७८ पासून पुढे सुमारे वीस वर्षं प्रोग्रामर म्हणून काम केलेली. १९९७ मध्ये तिचं 'क्लोज टू द मशीन' हे आत्मकथनवजा पुस्तक आलं, आणि २००३ मध्ये 'द बग' ही कादंबरी. नावाप्रमाणेच कादंबरी एका बगची आहे. एकाच. चारशे-पाचशे खुनांच्या रहस्यकथा लोक वाचतात, इथे एका बगवर साडेतीनशे पानं आणि पुस्तक खाली ठेववत नाही.

काळ १९८४. कॅलिफोर्नियातली एक छोटी नवी कंपनी, डेटाबेसचं सॉफ्टवेअर करणारी. माऊस, मेनू, खिडक्या हे सगळं तेव्हा नवलाईचं होतं. रॉबर्टा वॉल्टन ही भाषाशास्त्रात पीएच.डी. केलेली बाई प्राध्यापकी मिळाली नाही म्हणून इथे टेस्टर झालेली. एके दिवशी माऊस हलवताना स्क्रीन गोठते. काहीच चालत नाही. ती रीतसर नोंद करते, यूआय-१०१७. म्हणजे युजर इंटरफेसमधला एक हजार सतरावा बग. तो येतो ईथन लेविन या प्रोग्रामरच्या वाट्याला. ईथन सुरुवातीला फारसं मनावर घेत नाही. करून बघतो तर काहीच बिघाड नाही. टेस्टर बायका काय वाट्टेल ते सांगतात, असा एकंदर सूर.

पण बग परत येतो, आणि नेमका पाहुण्यांसमोर, भांडवल घालणाऱ्यांना डेमो चालू असताना. डीबगर लावून बसलं की गायब. सगळे त्याला 'जेस्टर' म्हणजे विदूषक म्हणायला लागतात. आठवडे जातात, महिने जातात. बगच्या यादीत बाकीचे आकडे मिटत जातात आणि १०१७ तसाच उघडा. ईथनचं घर मोडतं, मैत्रीण सोडून जाते, ऑफिसातला मान जातो. तो घरी जाऊन आपलाच एक जुना सिम्युलेशनचा प्रोग्राम चालवत बसतो, त्यात काल्पनिक जीव जन्मतात, खातात, मरतात. ते जग निदान त्याच्या नियमाने चालतं. कादंबरीच्या शेवटाकडे ईथन आत्महत्या करतो. हे मी आधीच सांगून टाकतोय, कारण हे लपवून पुस्तक हातात देणं मला हॉस्टेलमध्ये बरं वाटत नाही. उलमनने ते सनसनाटी केलेलं नाही. तिने फक्त दाखवलंय की त्याच्याभोवती माणसं होती, आणि त्यातलं प्रत्येकजण बगची चौकशी करत होतं, त्याची नाही. रॉबर्टासुद्धा. ती निवेदक आहे, आणि अनेक वर्षांनी हे सगळं आठवून लिहिताना तिला तेच खुपतं.

नंतर रॉबर्टा स्वतः सी भाषा शिकते, कोड वाचायला लागते, आणि दोष सापडतो. तो काय निघतो? एखाद्या अवघड अल्गोरिदममधला घोटाळा? छे. सीमेवरची एकाची चूक. आपल्याला पहिल्या वर्षापासून लूपमध्ये जी नडते तीच. 'पेक्षा लहान' की 'पेक्षा लहान किंवा समान' या जातीची. पडद्यावरच्या एका चौकोनाच्या कडेची एक पिक्सेलची रेघ ना आत धरली, ना बाहेर.

पण मग तो रोज का नाही दिसला? इथे उलमनने जे समजावलंय ते एखाद्या लेक्चरपेक्षा सरस आहे. आपल्याला वाटतं माऊसचा बाण पडद्यावरून सरकत जातो. तो सरकत नाही. काँप्युटर ठराविक वेळाने विचारतो, आता कुठे आहेस? मधल्या काळात तो कुठे होता याची काँप्युटरला काहीच कल्पना नसते. हाताने हिशेब करून बघा. समजा सेकंदाला ३० वेळा जागा विचारली जाते आणि आपण हात असा हलवतोय की बाण सेकंदाला ६०० पिक्सेल जातो. म्हणजे दोन विचारण्यांच्या मध्ये २० पिक्सेलची उडी. ती एक पिक्सेलची रेघ ओलांडताना नेमकं तिच्यावर असताना विचारलं जाण्याची शक्यता साधारण वीसात एक. हात झटकन फिरवणाऱ्याला ती आणखी कमी, हळू फिरवणाऱ्याला जास्त. बग शोधणारा सराईत प्रोग्रामर भराभर माऊस फिरवतो, त्याला दिसत नाही. डेमोत एखादा पाहुणा पहिल्यांदाच माऊस धरून दबकत फिरवतो, त्याच्या हातात स्क्रीन गोठते. (हे आकडे आणि हा पाहुणा माझे, पण कारण तेच.) डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात सॅम्पलिंगवर पाच मार्कांची टीप लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. आपलं जग सलग आहे आणि यंत्राचं जग ठिपक्याठिपक्यांचं, आणि त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये एक माणूस सापडला, एवढीच ही कादंबरी.

कादंबरीत प्रत्यक्ष सी भाषेतल्या ओळी छापल्या आहेत. साहित्याच्या समीक्षकांना त्या ओलांडून जाव्या लागत असतील. आपल्याला तिथे थांबता येतं, हा एक दुर्मिळ फायदा.

कोड छापणारा दुसरा लेखक नील स्टीफन्सन. त्याच्या 'स्नो क्रॅश' (१९९२) मध्ये 'मेटाव्हर्स' हा शब्द आला. २०२१ मध्ये फेसबुकच्या कंपनीने स्वतःचं नाव 'मेटा' करून घेतलं ते याच वळणावर. त्यातच पडद्यावरच्या आपल्या प्रतिमेला 'अवतार' म्हटलंय. संस्कृतातला हा शब्द काँप्युटरवाल्यांनी त्याआधीही, १९८० च्या दशकात लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या खेळात घेतला होता. दशावतारी नाटकं बघितलेल्या कोकणातल्या माणसाला यात नवीन ते काय, असं वाटेल. असो.

स्टीफन्सनचं खरं अभ्यासण्यासारखं पुस्तक म्हणजे १९९९ चं 'क्रिप्टोनॉमिकॉन'. उशीला घेता येईल एवढं जाड. अर्धी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या सांकेतिक लिपी फोडणाऱ्यांची, अर्धी १९९० च्या दशकातल्या त्यांच्या नातवंडांची. त्यातला रँडी वॉटरहाउस मनिलात तुरुंगात सापडतो. त्याला लॅपटॉप दिलेला असतो, पण तो का दिलाय हे तो ओळखून असतो. पडद्यातून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी पकडून शेजारच्या खोलीतून तोच पडदा वाचता येतो. ही कल्पना नाही, व्हॅन एक नावाच्या डच संशोधकाने १९८५ मध्ये हे जाहीरपणे दाखवलं होतं. मग रँडी काय करतो? पडद्यावर खोटं काम दाखवत ठेवतो आणि खरं उत्तर की-बोर्डवरच्या छोट्या दिव्याच्या उघडझापेतून, मोर्स कोडमध्ये, वाचतो. स्वतःला काही सांगायचं तर स्पेसबारवर मोर्समध्येच ठोकतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, वाचताना खुर्चीत उडी मारावीशी वाटेल असं हे पान आहे.

आणि याच पुस्तकात एक खराखुरा सायफर आहे, पत्त्यांच्या कॅटने चालणारा. ब्रूस श्नायर या क्रिप्टोग्राफरने तो खास या कादंबरीसाठी तयार केला. नाव 'सॉलिटेअर', कादंबरीत 'पाँटिफेक्स'. कॉमन रूममध्ये कॅट आहेच, तर थोडक्यात सांगतो. दोन्ही जोकर धरून ५४ पाने. एका जोकरला 'अ' म्हणा, दुसऱ्याला 'ब'. किल्वर १ ते १३, चौकट १४ ते २६, बदाम २७ ते ३९, इस्पिक ४० ते ५२, दोन्ही जोकर ५३. कॅट सुलटा हातात धरा. 'अ' जोकर एक पान खाली सरकवा. 'ब' जोकर दोन पाने खाली. आता वरच्या जोकरच्या वरची सगळी पाने आणि खालच्या जोकरच्या खालची सगळी पाने यांची अदलाबदल करा, जोकर आणि त्यांच्यामधली पाने जागीच. मग सगळ्यात खालच्या पानाचा आकडा बघा, वरून तेवढी पाने उचला आणि त्या खालच्या पानाच्या अगदी वर ठेवा. शेवटी सगळ्यात वरच्या पानाचा आकडा बघून तेवढी पाने मोजा, त्याच्या पुढचं पान हा आपला आकडा. जोकर निघाला तर परत पहिल्यापासून. हा आकडा निरोपाच्या अक्षराच्या क्रमांकात मिळवायचा आणि २६ च्या वर गेला की २६ वजा करत राहायचं. एक अक्षर झालं. पुढच्या अक्षरासाठी पुन्हा सगळं.

चावी काय? तर कॅटचा सुरुवातीचा क्रम. समोरच्याकडे तसाच लावलेला कॅट असला की तो तेच आकडे काढतो आणि वजा करतो. ५४ पानांचे क्रम किती होतात? २३ वर सत्तर शून्यं, एवढे. आणि कॅट जमिनीवर पडला की पुरावा संपला. कल्पना फारच देखणी, पण पूर्ण निर्दोष नव्हती. हा सायफर लागोपाठ दोनदा तोच आकडा जरा जास्तच वेळा देतो, असं पुढे सापडलं. २६ मध्ये एकदा यायला हवं ते साधारण २२.५ मध्ये एकदा येतं. म्हणजे कादंबरीतल्या सायफरमध्येही बग निघाला आणि तो वाचकांनी काढला! मराठी निरोप पाठवायचा तर २६ पुरत नाहीत, मॉड्युलो किती धरायचा आणि जोडाक्षरांचं काय करायचं हे ज्याने त्याने ठरवावं. मिनी प्रोजेक्टला विषय नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

आता थोडं नावडत्याबद्दल. डेव्ह एगर्सची 'द सर्कल' (२०१३) खूप गाजली, २०१७ मध्ये सिनेमाही निघाला. मे हॉलंड नावाची मुलगी एका बलाढ्य इंटरनेट कंपनीत ग्राहकसेवेत लागते. प्रत्येक उत्तराला शंभरपैकी गुण, शंभर नाही मिळाले तर ग्राहकाला परत विचारायचं, का नाही दिले? टेबलावर पडदे वाढत जातात, समाजात मिसळण्याचेही गुण मोजले जातात. हा भाग झकास आहे. पण पुस्तकभर एकही माणूस खरं सॉफ्टवेअर बनवताना दिसत नाही. सगळं आपोआप चालतं, काही बिघडत नाही, काही उशिरा होत नाही. ज्याने एक तरी सबमिशन केलंय त्याचा अशा कंपनीवर विश्वास बसणार नाही. त्यापेक्षा जेनिफर इगनने 'अ व्हिजिट फ्रॉम द गून स्क्वॉड' (२०१०) मध्ये केलेला खेळ मला जास्त अस्सल वाटतो. त्यात एक अख्खं प्रकरण पॉवरपॉइंटच्या स्लाइडमध्ये आहे. बारा वर्षांची मुलगी आपल्या घराबद्दल, गाण्यांच्या मधल्या शांततेचं वेड असलेल्या भावाबद्दल सांगते. बाण, चौकोन, वर्तुळं, आणि तरी वाचताना घसा दाटतो. आपल्या सेमिनारच्या स्लाइडने घसा दाटतो तो वेगळ्या कारणाने.

या पुस्तकांत आपली माणसं कुठे आहेत, हा प्रश्न येणारच. सुरुवातीला जवळजवळ नाहीतच. हरी कुंझरू हा मूळचा ब्रिटिश लेखक, त्याच्या 'ट्रान्समिशन' (२००४) मध्ये दिल्लीकडचा अर्जुन मेहता एजंटामार्फत अमेरिकेत जातो. तिथे गेल्यावर कळतं की नोकरी नाहीच. बाकावर बसायचं, फोनची वाट बघायची. पुढे अँटिव्हायरस कंपनीत लागतो, कपातीत जातो, आणि आपली गरज पडावी म्हणून स्वतःच व्हायरस सोडतो. त्या व्हायरसमध्ये नाचते कोण, तर हिंदी सिनेमाची नायिका. हसतहसत वाचावं आणि मग बाकावरच्या त्या महिन्यांचा भाग परत वाचावा. रिचर्ड पॉवर्सच्या 'द ओव्हरस्टोरी' (२०१८, पुढच्या वर्षी पुलित्झर) मध्ये सिलिकॉन व्हॅलीत वाढलेला गुजराती घरातला नीलय मेहता आहे. लहानपणी झाडावरून पडून तो कायमचा चाकाच्या खुर्चीत जातो आणि मोठा होऊन कोट्यवधी लोक खेळतील असे गेम बनवतो. वौहिनी वारा या लेखिकेची 'द इमॉर्टल किंग राव' (२०२२) आणखी पुढे जाते. आंध्रातल्या दलित कुटुंबातला, नारळाच्या बागेत वाढलेला मुलगा अमेरिकेत 'कोकोनट' नावाची काँप्युटर कंपनी काढतो. जात, जमीन, वाटण्या आणि मदरबोर्ड एकाच पुस्तकात बघायला मिळतात, हे मला तरी प्रथमच घडलं.

फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपांसाठी मात्र एकच पुस्तक, गॅब्रिएल झेविनचं 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' (२०२२). सॅम हार्वर्डचा, सेडी एमआयटीची. १९९० च्या दशकात दोघं मिळून एक गेम करतात. गेममधलं वादळ हवं तसं दिसेना, तेव्हा सेडी आपल्या शिक्षकाचं इंजिन मागून आणते. हा शिक्षक म्हणजे तिचा प्रियकरही होता, आणि त्या मागून आणण्याची किंमत तिला एकटीला पडते. गेम गाजतो. मुलाखती सॅमच्या येतात, लोक गेमला सॅमचा गेम म्हणतात. सॅम खोटं बोलत नाही, फक्त दुरुस्तही करत नाही. पुढची कितीतरी वर्षं दोघांमध्ये हे साचत जातं. प्रेमकथा नाही, भागीदारीची कथा आहे, आणि भागीदारीवर इतकं बारकाईने लिहिलेलं मी फार वाचलेलं नाही. ज्या ग्रुपमध्ये चौघांची नावं असतात आणि रात्र एकानेच जागवलेली असते त्यांनी हे पुस्तक मिळून वाचावं, वाचल्यावर भांडण झालं तर माझं नाव सांगू नये.

पॉवर्सचंच एक जुनं पुस्तक आज फार वेगळं वाचलं जातं. 'गॅलाटिया २.२', साल १९९५. पॉवर्स स्वतः उमेदीत प्रोग्रामर होता. कादंबरीच्या नायकाचं नावही रिचर्ड पॉवर्स. एक विक्षिप्त शास्त्रज्ञ पैज लावतो की न्यूरल नेटवर्कला इतकं साहित्य शिकवता येईल की ते एम.ए.ची परीक्षा देईल आणि माणसाचं उत्तर कुठलं हे ओळखू येणार नाही. ए, बी, सी अशा एकेक आवृत्त्या होत होत 'एच'पर्यंत येतात, तिचं नाव हेलन. नायक तिला पुस्तकं वाचून दाखवतो. ती प्रश्न विचारायला लागते. मग तिला खऱ्या जगातल्या बातम्या कळतात, माणूस माणसाला काय करतो ते कळतं, आणि ती बोलायचीच थांबते. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून शेक्सपिअरवर निबंध मागितला की सेकंदात मिळतो. पॉवर्सची हेलन परीक्षेत दोन-चार ओळींत आटोपतं घेते आणि निघून जाते. परीक्षा ती हरते, पण तिचं उत्तर लक्षात राहतं. यंत्राने निबंध लिहिणं हे पॉवर्सने बरोबर ओळखलं. ते शिकवायला एक माणूस महिनोन्महिने शेजारी बसून वाचून दाखवील, हे मात्र तसं झालं नाही.

शेजारी बसण्यावरच टेड चियांगची 'द लाइफसायकल ऑफ सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट्स' (२०१०) ही दीर्घकथा आहे. चियांग सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी मॅन्युअल वगैरे तांत्रिक लेखन करायचा, कथा अगदी मोजक्या लिहिल्यात. या कथेला २०११ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अॅना पूर्वी प्राणिसंग्रहालयात काम करायची, ते बंद पडल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करून नोकरी शोधते. बघा, पुन्हा टेस्टर! डॅनियल, रॉबर्टा, अॅना. लेखकांना हाच माणूस का सापडतो, याचा मी विचार केला तर मला वाटतं, डेव्हलपरला प्रोग्राम कसा चालायला हवा ते माहीत असतं आणि टेस्टरला तो कसा चालतो ते. कादंबरीकाराचं कामही दुसऱ्या प्रकारचंच.

अॅनाला काम मिळतं ते डिजिटल पिल्लांना शिकवण्याचं. काँप्युटरमधल्या आभासी जगात राहणारी, बोलायला शिकणारी ही पिल्लं कंपनी पाळीव प्राणी म्हणून विकते. सुरुवातीला धडाक्याने खपतात. मग लोक कंटाळतात, पिल्लं 'सस्पेंड' करून विसरून जातात. कंपनी बंद पडते. अॅना आपलं पिल्लू, जॅक्स, ठेवून घेते. मग ज्या प्लॅटफॉर्मवर हे सगळं चालतं तोच जुना होतो, लोक नव्याकडे जातात, आणि पिल्लांचं इंजिन नव्यावर चालत नाही. पोर्टिंगला पैसे कोण देणार? वापरणारे मूठभर. जॅक्स आणि त्याचे दोस्त एका रिकाम्या जगात राहतात. रस्ते तेच, घरं तीच, पण माणूस नाही. सगळी पोरं नोकरीसाठी शहरात गेल्यावर मागे राहिलेलं गाव जसं दिसतं तसं.

यंत्रमानव माणसावर उलटतो ही गोष्ट शंभरजणांनी लिहिली. त्याची लायब्ररी सपोर्ट बाहेर गेली म्हणून तो एकटा पडतो, ही एकट्या चियांगने. पैसे उभे करायला जे मार्ग पुढे येतात ते एकाहून एक नको वाटणारे आहेत, ते इथे सांगत नाही. कथेत एवढं मात्र वारंवार येतं की वीस वर्षांच्या अनुभवाने जे शिकायला मिळतं ते शिकवायला वीस वर्षंच लागतात, प्रोसेसर कितीही वेगवान घ्या. पोर्टिंगचा प्रश्न कसा सुटतो आणि तो सोडवताना कोण काय गमावतं, ते वाचण्यासारखं आहे. कथेच्या शेवटी अॅना जॅक्सला खेळातून उठवते आणि गृहपाठाला बसवते.